दराचा प्रश्न आणि फौजदाराचे उत्तर
(धानोरा, जि. नंदुरबार येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



वेचणीचे दिवस आहेत. कापूस फुटून शेतात उभा आहे, दादरीला राखण लागते आणि अशा वेळी तुम्ही एवढ्या संख्येने इथे आला आहात. तेव्हा इकडचे तिकडचे बोलून तुमचा दिवस खाणार नाही. एकच प्रश्न घेतो आणि त्याचे उत्तर शोधायला थोडे मागे, दोनशे वर्षे मागे जातो.

प्रश्न असा. शेतकरी आपले गाऱ्हाणे घेऊन रस्त्यावर बसला की त्याच्याकडे सरकारचा पहिला माणूस कोण येतो? गाऱ्हाणे दराचे असते, पण पणन खात्याचा माणूस येत नाही. गाऱ्हाणे कर्जाचे असते, पण सहकार खात्याचा येत नाही. दुष्काळाचे असते, पण शेतकी खात्याचा येत नाही. पहिला येतो फौजदार. त्याच्या खिशात जमावबंदीचा कागद असतो. तोवर जो प्रश्न क्विंटलचा आणि रुपयाचा होता, तो त्या कागदाबरोबर कायदा आणि सुव्यवस्थेचा होऊन जातो. हा रिवाज कोणी पाडला, कुठे पाडला, आणि त्यावर शेतकऱ्याने काय करावे, एवढेच आज बोलायचे आहे.

खानदेशातली सात वर्षे

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. कॅप्टन ब्रिग्ज इथला पहिला इंग्रज अधिकारी. त्याच्या हाती काय आले? १८०२ पासून होळकरांच्या स्वाऱ्या, मग १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढारी. गावेच्या गावे ओस पडलेली, विहिरी बुजलेल्या, शेतांत रान माजलेले. आणि सातपुडा, सातमाळा, डांग या डोंगरांतून भिल्ल नाईक आपापल्या टोळ्या घेऊन उतरत होते.

इंग्रजांनी लिहून ठेवले, भिल्ल लुटारू आहेत. पण तो लुटारू झाला कसा, हेही त्यांच्याच दप्तरात आहे. घाट राखणे आणि गावाची जागल करणे हे भिल्लांचे वतनी काम. त्याबद्दल गावांकडून आणि वाटसरूंकडून त्यांना हक्क मिळत. धामधुमीत गावे उठली, हक्क थांबले. नवे सरकार आले, त्याने हिशेबाच्या वह्या उघडल्या आणि ज्याचा कागद नाही त्याचा हक्क नाही, असा खाक्या लावला. राखणदाराचा पगार बंद केला आणि वर विचारले की चोऱ्या का होतात!

मग पलटणी आल्या. डोंगराची रसद तोडली. नाईक पकडले, काहींना फाशी दिले. १८१८ ते १८२५ अशी सात वर्षे हे चालले. सैनिक सातपुड्याच्या तापाने मेले, तेवढे तीरकमठ्याने मेले नाहीत. एक नाईक पकडला की दुसरा उभा राहायचा, कारण डोंगरातल्या माणसाच्या पोटाचा प्रश्न तिथेच होता.

१८२५ साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी काढल्या. वायव्येची कचेरी आपल्या शेजारी कुकरमुंड्याला, दक्षिणेची कन्नडला. या एजंटांनी भिल्लांना जमिनी द्यायच्या, बैलांसाठी आणि बियाण्यासाठी तगाई द्यायची, नाईकांचे जुने हक्क तपासून त्यांना नेमणुका बांधून द्यायच्या. आणि ईशान्येकडे धरणगावला जेम्स औट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटने भिल्लांचीच एक पलटण उभी करायची. नऊ माणसांपासून त्याने सुरुवात केली आणि दोन-तीन वर्षांत ती काही शेकड्यांवर गेली.

म्हणजे एका हातात नांगर आणि दुसऱ्या हातात बंदूक. खानदेश शांत झाला तो नांगराने की बंदुकीने? माझे म्हणणे असे की सात वर्षे नुसती बंदूक होतीच, तिने काही झाले नाही. फरक पडला तो पोटाची सोय लागली तेव्हा. पण सरकारच्या स्मरणात राहिली पलटण. पुस्तकांत नाव राहिले औट्रमचे. कुकरमुंड्याची तगाई कोणाच्या लक्षात नाही. पुढे १८७८ च्या जंगल कायद्याने डोंगर सरकारजमा केला, सावकाराने पायथ्याच्या जमिनी गिळल्या आणि नांगराचा हात रिकामा झाला. बंदुकीचा हात मात्र राहिला.

त्याच वेळी आयर्लंडात

आता याच काळात सात समुद्रापलीकडे काय चालले होते ते पाहू. आयर्लंड हा इंग्लंडच्या शेजारचा देश, आणि इंग्रजांची सगळ्यात जुनी वसाहत. आपल्यावर जे प्रयोग झाले, त्यातले बरेच आधी तिथे करून पाहिलेले होते.

तिथला शेतकरी कसा होता? जमीन जमीनदाराची, आणि तो पुष्कळदा लांब राहणारा. मधे दलाल आणि पोटदलाल. खालचे कूळ एक-दोन एकरांत बटाटा लावून जगायचे आणि गहू, ओट, डुकरे विकून खंड भरायचे. आपल्याकडे कापूस देणेकऱ्यांसाठी आणि ज्वारी पोटासाठी, तसे तिथे धान्य खंडासाठी आणि बटाटा पोटासाठी. शिवाय एक धर्मपट्टी होती, दशांश म्हणून. शेतकरी बहुसंख्य कॅथलिक, पण पट्टी भरायची ती प्रॉटेस्टंट चर्चला. ज्या देवळात पाऊल टाकायचे नाही, त्या देवळाच्या पुजाऱ्याला पिकातला वाटा द्यायचा.

१८१५ साली नेपोलियनबरोबरची लढाई संपली आणि धान्याचे भाव कोसळले. खंड मात्र लढाईच्या काळातल्या चढ्या भावावर ठरलेले. भाव उतरला, देणे उतरले नाही. ही ओळ नीट लक्षात ठेवा, कारण पुढे ती आपल्या मुलखातही येणार आहे.

मग तिथे रात्रीच्या टोळ्या निघू लागल्या. त्यांची चाल जुनी, १७६१ पासूनची. अंगात पांढरे सदरे घालून रात्री निघायचे म्हणून त्यांना 'व्हाइटबॉइज' म्हणत. १८२१ ते १८२४ च्या काळात 'कॅप्टन रॉक' अशा सहीच्या धमकीच्या चिठ्ठ्या दारावर लागत. कॅप्टन रॉक नावाचा कोणी एक माणूस नव्हता. जो लिहील तो कॅप्टन रॉक. चिठ्ठीत काय असे? अमक्याला जमिनीवरून काढले आहे, ती जमीन दुसऱ्याने घेऊ नये. मजुरी इतकी द्यावी. बटाट्याच्या तुकड्याचे भाडे इतकेच घ्यावे. ऐकले नाही तर गंजी जळायच्या, जनावरांचे पाय तोडले जायचे, माणसेही मारली जायची. कॉर्नवॉल लुईस नावाच्या इंग्रजाने १८३६ साली या सगळ्याचा अभ्यास करून पुस्तक लिहिले. त्याचा निष्कर्ष असा की हे वेडेपण नाही, ही गरीब शेतकऱ्यांची आपल्या बचावासाठी बांधलेली एक अफाट संघटना आहे.

सरकारने काय केले? खंडाचा प्रश्न हाती घेतला नाही. कायदा केला की जाहीर केलेल्या भागात सूर्यास्त ते सूर्योदय जो घराबाहेर सापडेल, त्याला ज्युरीशिवाय शिक्षा करून सात वर्षे समुद्रापार पाठवायचे. आणि १८१४ साली रॉबर्ट पील याने एक खास पोलिस दल काढले. जिथे दंगा होईल तिथे ते बसवायचे आणि त्याचा खर्च त्या भागातल्या रहिवाशांच्या बोडक्यावर घालायचा. ज्याच्या डोक्यात काठी मारायची, काठीचे पैसेही त्यानेच द्यायचे. १८२२ साली तालेवारांच्या मर्जीतले जुने शिपाई जाऊन पगारी पोलिस आले आणि १८३६ साली सगळ्या देशाचे एकच दल झाले, हुकूम थेट राजधानी डब्लिनहून. शिपाई बहुतेक शेतकऱ्यांचीच पोरे. पण ज्याच्या त्याच्या जिल्ह्यात नेमणूक द्यायची नाही, हातात बंदूक द्यायची आणि गावोगाव लहान लहान बराकींत ठेवायचे. सोयरेधायरे नसलेल्या गावात कायदा मोकळ्या हाताने चालवता येतो, हा त्यातला हिशेब.

१८३० नंतर लोकांनी धर्मपट्टी उघडपणे नाकारली. जप्तीत आणलेल्या गाईला लिलावात कोणी बोली लावीना. सरकारने फौज आणली. १४ डिसेंबर १८३१ ला किल्केनी परगण्यात कॅरिकशॉक इथे नोटिसा बजावायला निघालेल्या पोलिसांना लोकांनी अरुंद वाटेत गाठले आणि डझनभर पोलिस मारले गेले. १८ डिसेंबर १८३४ ला कॉर्क परगण्यात रॅथकॉर्मॅकजवळ एका विधवेच्या थकबाकीसाठी फौज तिच्या खळ्यावर चालून गेली. गोळीबार झाला आणि शेतकरी मेले, तेही डझनभर. पट्टीच्या काही शिलिंगांसाठी दोन्ही बाजूंनी गरिबांचीच पोरे पडली. शेवटी १८३८ साली पट्टी चौथा हिस्सा कमी करून जमीनदाराच्या खात्यावर टाकली, आणि त्याने ती खंडात मिळवून कुळाकडून काढायची वाट मोकळी राहिली.

सावद्याचा १८५२ चा उठाव

आता परत आपल्याकडे या. कंपनी सरकारने जमिनीची नवी मोजणी आणि आकारणी सुरू केली, ती १८३६ पासून इंदापूरकडून. १८५२ साली मोजणीदार खानदेशात आले. सावदा, फैजपूर, यावल, चोपडा या बाजूचे शेतकरी बिथरले. साखळी पडली म्हणजे सारा वाढणार, एवढेच लोकांना दिसत होते, आणि सरकारने त्यांना विश्वासात घेऊन काही सांगितले नव्हते. हजारोंनी लोक जमले, मोजणीच्या अधिकाऱ्यांना काम थांबवून मागे हटावे लागले. पाटील, देशमुख, साधा कुणबी, सगळे एक होते.

सरकारचे उत्तर काय? फौज आणि तिच्याबरोबर भिल्ल पलटण. एरंडोल आणि फैजपूरला पुढारी पकडले आणि उठाव मोडला. मोजणी झाली.

इथे जरा थांबून विचार करा. १८२५ साली ज्या भिल्लाचा राखणीचा हक्क गेला होता, त्याच्या हाती बंदूक दिली. १८३० साली तीच बंदूक डांगच्या भिल्लांवर धरली, आणि १८५२ साली साऱ्याने धास्तावलेल्या कुणब्यावर. आयर्लंडात शेतकऱ्याच्या पोराला दुसऱ्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यावर उभे केले. इथेही तेच. पिळला जाणारा एक, आणि त्याला आवरायला ठेवलेला दुसरा, दोघेही एकाच मातीतले. १८५७ च्या धामधुमीत सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक सरकारवर उलटला आणि ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला मोठी लढाई झाली, ती याच सातपुड्यात. राखणदार उलटतो केव्हा, याचे उत्तर तेव्हाही कोणी शोधले नाही.

१८७५ : खत जाळले, माणूस नाही

पुढची गोष्ट पुणे आणि नगर जिल्ह्यांतली, पण ती कापसाची आहे म्हणून सांगतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार घरी येऊन कर्ज देऊ लागले. १८६५ ला यादवी संपली, भाव पडला. त्यात सरकारने नव्या जमाबंदीत सारा वाढवला. भाव उतरला, देणे उतरले नाही. तीच ओळ.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्या गाठल्या. तिथून लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत गेले. लोकांना काय हवे होते? खते आणि हुकूमनामे. ती मिळाली की जाळायची. सावकाराच्या जिवाला हात बहुधा लावला नाही. शेकडो लोक पकडले गेले, गावांवर पोलिस ठाणी बसवली आणि त्यांचा खर्च गावांवर टाकला. पीलचा १८१४ चा नियम आयर्लंडाहून सुप्यापर्यंत पोचला होता.

तो कसा पोचला? १८४३ साली सिंध जिंकल्यावर नेपियर याने तिथले पोलिस दल आयर्लंडच्या नमुन्यावर बांधले. मुंबई इलाख्याने त्याच धर्तीवर आपले पोलिस सुधारले. १८६१ चा पोलिस कायदा त्यानंतरचा. अशांत भागात जादा पोलिस बसवून खर्च रहिवाशांकडून घेण्याचे कलम त्यात आहे. स्वराज्य आल्यावर झालेल्या मुंबईच्या १९५१ च्या पोलिस कायद्यातही ही तरतूद आली. आज फौजदार ज्या जमावबंदीचा कागद दाखवतो, ते कलम ३७ याच १९५१ च्या कायद्यातले. दुसरा कागद फौजदारी संहितेच्या कलम १४४ चा असायचा, तो २०२४ पासून नव्या संहितेत कलम १६३ झाला. नंबर बदलला, कागद तोच.

पण १८७५ ची एक बाजू आणखी आहे. दंग्यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि आयोगाने कर्जाची, साऱ्याची, कोर्टाच्या हुकूमनाम्यांची गावोगाव माहिती गोळा केली. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. खतावर आकडा काही असला तरी मुळात दिले किती आणि व्याज लावले किती, हे कोर्टाने तपासावे, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, असे त्यात आले. कायदा अपुरा होता. तरी पहिल्यांदा दंग्याच्या मागचा हिशेब सरकारी कागदावर आला.

आपलेही घर तपासा

इथवर आपण सरकारला धरले. आता एक अवघड गोष्ट बोलतो, ती या व्यासपीठावरच बोलली पाहिजे. आयर्लंडातली पुष्कळ रात्रीची भांडणे जमीनदाराशी नव्हतीच, ती बऱ्यापैकी जमीन असलेल्या शेतकऱ्याशी होती. मजुराला बटाट्यासाठी तुकडा भाड्याने देणारा आणि मजुरी ठरवणारा तोच होता. वरून पिळला जाणारा शेतकरी खालच्याला पिळत होता.

आपल्या शेजारी शहाद्याला १९७० नंतर काय झाले, ते इथल्या जुन्या माणसांना माहीत आहे. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी, सालदाराची मजुरी, त्यावर अंबरसिंग महाराजांनी उभी केलेली चळवळ. आणि दुसऱ्या बाजूला बड्या शेतकऱ्यांच्या पीक संरक्षण सोसायट्या, स्वतःचे राखणदार ठेवून. १९७१ साली पाटीलवाडीला गोळी चालली, ती पोलिसांची नव्हती. कापसाला भाव मागताना आपण म्हणतो की शेतकऱ्याच्या घामाचे दाम द्या. मग वेचणीला येणाऱ्या बाईच्या घामाचा हिशेब आपल्या उत्पादनखर्चात पुरा धरा आणि तिला तो द्या. नाहीतर उद्या फौजदाराला आपल्यावर सोडायला वेगळी पलटण शोधावी लागणार नाही. ती आपणच तयार करून देऊ.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, अंधारात काही करायचे नाही. आयर्लंडात साठ-सत्तर वर्षे रात्रीच्या टोळ्या फिरल्या. प्रत्येक जळलेल्या गंजीने सरकारला एक नवा जाचक कायदा करायला निमित्त दिले. १८८० साली मेयो परगण्यात शेतकऱ्यांनी एका जमीनदाराच्या कारभाऱ्याशी दिवसाढवळ्या संबंध तोडले. मजूर जाईना, दुकानदार माल देईना, टपालवाला टपाल नेईना. त्या कारभाऱ्याचे नाव कॅप्टन बॉयकॉट. पीक काढायला सरकारला सैन्याच्या पहाऱ्यात बाहेरून मजूर आणावे लागले. आणि १८८१ साली खंड ठरवायला कोर्ट नेमण्याचा कायदा झाला. गंजी जाळून साठ वर्षांत जे झाले नाही, ते उघड नकाराने दोन वर्षांत सुरू झाले.

इतके लांब जायला नको. तापीच्या खालच्या अंगाला बारडोली आहे. तिथे सारा २२ टक्क्यांनी वाढवला. १९२८ साली लोकांनी तो भरला नाही. पठाण आणून म्हशी जप्त केल्या, जमिनी खालसा केल्या. लोक मारामारीवर आले नाहीत आणि हिशेबही सोडला नाही. चौकशी झाली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली.

दुसरी गोष्ट, शिपायाशी भांडण नाही. नंदुरबारच्या चौकात ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीने पडले, ते आपण विसरणार नाही. पण आज समोर काठी घेऊन उभा असलेला पोरगा कोरडवाहूवाल्याचाच आहे. त्याच्या बापाच्या घरातही कापूस पडून आहे. त्याच्यावर दगड गेला की दराची बातमी जाते आणि दगडाची बातमी उरते.

तिसरी गोष्ट, कागद. एकाधिकार खरेदीच्या काळात, १९७२ पासून पुढे कित्येक वर्षे, आपला कापूस सरहद्दीपलीकडे नेणे गुन्हा होता. पलीकडच्या बाजारात दोन पैसे जास्त मिळतात म्हणून गाडी जुंपली तर नाक्यावर चोरासारखे उभे राहावे लागे. आपल्या रानातला माल आणि आपणच तस्कर! तेव्हा कोणत्या दिवशी पलीकडे काय भाव होता आणि अलीकडे काय, हे गावोगाव लिहून ठेवले असते तर सरकारने आपल्या खिशातून किती काढले याचा आकडा तोंडावर टाकता आला असता. यापुढे तरी प्रत्येक गावाने वही ठेवावी. एकरी नांगरट, बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी, वाहतूक, व्याज; कापसाचे वेगळे, ज्वारीचे वेगळे. विकले त्या दिवशीचा भाव. तहसीलला निवेदन दिले तर पोच घ्या. फौजदार जमावबंदीचा कागद घेऊन येईल तेव्हा तो वाचून घ्या, त्याची प्रत मागा आणि आपल्या वहीची प्रत त्याच्या हातात द्या. त्याच्या दप्तरात दंग्याचा रकाना आहे, दराचा नाही. तो आपण जोडायचा.

जिल्ह्याच्या बैठकीला प्रत्येक गावाने ही वही घेऊन यावे. कापूस काढणाऱ्याबरोबर वेचणाऱ्याही याव्यात. आंदोलनाची तारीख त्या बैठकीत ठरेल, ती वह्या वाचून ठरेल आणि दिवसाढवळ्या जाहीर होईल.

आता उठा, उन्हे कलायच्या आत रानात पोचा. कापूस थांबत नाही.